चहाच्या कपातली सरकी

खालच्या रानात आम्ही सरकी टोबली, त्याच रात्री पाऊस आदळून गेला. पुढच्या उन्हात मातीवर टणक खपली धरली. काही रोपं ती फोडून वर आली, बाकीची आतच मान मोडून बसली. ओळीत जागोजाग नांगं पडलं, रिकाम्या जागा राहिल्या.

"मोडू हा कापूस," मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे. "ट्रॅक्टरवाला परवा यायलाय. सोयाबीन पेरून घेऊ."

कापसाचा हट्ट माझा होता. मी बी.ए. झालेली, तालुक्याच्या वाशीहून एस.टी.त उभ्यानं धाराशिवला जाऊन. माहेरात पहिली, सासरातही पहिली. म्हणून माझं काही चुकलं, की ते शिक्षणाचंच चुकतं. हे रान मोडलं असतं, तर पुढं शेतीतलं माझं कुणी ऐकलं नसतं.

टोबणीच्या दिवशीच मी थोडी सरकी चहाच्या कागदी कपांत लावली होती, पुढं नांगं पडलं तर भरायला. कापसाचं मूळ सरळ खाली जातं, उपटून लावलेलं रोप धरत नाही. कपाचं बूड फाडून मातीसकट पुरलं तर धरतं. नवरा येरमाळ्याला हॉटेलात कामाला, उष्टे कप तो आणायचा, मी धुवायची.

"टपरी टाकायलीस का काय?" मामा विचारायचे.

निम्मे कप सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ऊन लागंल म्हणून ओसरीत ओढले. उरलेल्यांना जागा नव्हती, ते भिंतीकडंला उन्हात राहिले. ओसरीतली रोपं वीतभर झाली. उन्हातली बुटकी, देठ जाड, तांबूस.

"बघ, माझी कशी तरारलीत."

"उजेड हुडकायलीत ती, आत्याबाई. उंची हाय, जोम न्हाय."

"तुझी खुजी राहिली म्हणून जळायलीस."

"परवापर्यंत रान माझ्याकडं द्या," मी मामांना म्हणाले. त्यांनी कपांची पाटी उचलली. आत्याबाईंचीच.

ऊन कललं तसं आम्ही तिघं वाकलो. रानाच्या वरच्या अंगाला आत्याबाईंची रोपं, खालच्या अंगाला माझी. तांब्यानं पाणी घालताना शेवटी कंबर माझी आहे की दुसऱ्या कुणाची, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या अंगाची रोपं मातीवर आडवी पडली होती. मामा सगळ्या ओळी फिरले. खाली येऊन माझं एक रोप त्यांनी बोटानं वाकवलं, सोडलं. ते परत उभं राहिलं. मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"उद्या ये. पण वरच्याच अंगाला. खाली न्हाय, खाली कापूस हाय."

मला वाटलं होतं, असं झालं तर मी खूश होईन. नुसतं बसावंसं वाटलं.

आत्याबाईंनी आडवं पडलेलं एक रोप उचलून आणलं, धुण्याच्या दगडाजवळ लावलं, काडीला चिंधीनं बांधलं.

"जगतंय का बघू," त्या म्हणाल्या.

"बघू," मी म्हणाले, आणि त्या दगडावरच टेकले.