शिडीचा वरचा कोन

शेजारी चुना मारतायत. त्या ओल्या वासानं मी थेट खामगावच्या आमच्या अंगणात, नववीत जाऊन पोचले. बाबा रंगारी होते. नुकत्याच सारवलेल्या, अजून ओल्या जमिनीवर त्यांनी शिडी ठेवली आणि भिंतीला टेकवली. मी कोनमापकानं खालचा कोन मोजला, सत्तर अंश.

“वरचा काऊन नाई मोजत?” बाबांनी विचारलं.

“मोजायला कशाला लागतो? भिंत आणि जमीन काटकोनात आहेत. नव्वदातून सत्तर गेले, वीस!”

“मंग शिडी घसरन का नाई, थे सांग.”

मी गोंधळले. पुस्तकात असं कुणी विचारतच नव्हतं. बाबा हसत वर चढले. मी वही टाकून शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

वीस हे उत्तर बरोबर होतं. पण शिडी घसरणार नाही, हे त्यानं कुठं कळत होतं?