शेजारच्या आजोबांचं नवं सिलिंडर

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आमच्या भिंतीला भिंत लावून एक डच जोडपं राहतं. आजोबा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आजी शाळेत शिवण शिकवायच्या. आम्ही पुण्याहून इथे आलो त्या आठवड्यात आजींनी सफरचंदाचा केक आणून दिला आणि आजोबांनी माझ्या सायकलची चेन बसवून दिली. माझं डच सुधारलं ते कुंपणापलीकडच्या त्यांच्या गप्पांमुळे.

दर शनिवारी सकाळी आजोबा नेमबाजीच्या क्लबात जायचे. त्यांच्याकडे परवान्याचं एक रिव्हॉल्वर होतं. बनवलेलं अलीकडचंच, पण घडण हुबेहूब जुन्या काळातली. त्यात तयार काडतूस चालत नाही. सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात आधी बंदुकीची दारू ओतायची, वरून शिशाची गोळी दाबायची आणि मागच्या बाजूला तांब्याची एक इवलीशी टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी पडते. टोपी मसुराच्या दाण्याएवढी.

आजोबांचे हात थरथरायला लागले तेव्हा पहिल्यांदा या टोप्या निसटू लागल्या. मग दारू सांडू लागली. शेवटी एका शनिवारी क्लबातल्या देखरेख करणाऱ्या बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज आपण इथेच थांबू या."

आजोबा घरी आले ते सरळ मागच्या शेडमध्ये जाऊन बसले. आजी मला म्हणाल्या, "मला ते हत्यार घरात कधीच आवडलं नाही. आता सुटलं तर बरं वाटायला हवं ना? पण बघ, ते जेवायला पण आत येत नाहीयेत."

पुढे क्लबातल्याच कुणीतरी सुचवलं, की या रिव्हॉल्वरला दुसरं सिलिंडर बसवता येतं. जुनं काढायचं, नवं घालायचं, आणि मग त्यात तयार काडतुसं चालतात. दारू ओतणं नाही, टोप्या नाहीत. बाकी रिव्हॉल्वर तेच. पण कायद्याच्या दृष्टीने ते वेगळं हत्यार होतं, म्हणून आधी पोलिसांची परवानगी हवी आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायला हवं. थरथरीमुळे आजोबांनी गाडी चालवणं सोडलं होतं, त्यामुळे दोन्ही ठिकाणी मीच त्यांना घेऊन गेले. पोलिसांनी डॉक्टरांचं मतही मागवलं. बाकावर हात टेकवून, शेजारी कुणी उभं असताना नेम धरायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परवानगी यायला पानगळ उजाडली.

त्या दिवसांत पुण्याला माझ्या बाबांचेही हात थरथरत होते. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या हनुवटीवर रोज एखादा नवा काप दिसायचा. जन्मभर ब्लेडच्या रेझरने दाढी केलेली, इलेक्ट्रिक शेव्हरचं नाव काढू देत नसत. "ते खेळणं मला नको," म्हणायचे. मी त्यांना शेजारच्या आजोबांची गोष्ट सांगत असे. एकदा त्यांनी विचारलं, "ते नवीन बसवल्यावर त्यांना ते आपलंच वाटतं का गं?"

मी हे आजोबांना विचारलं. कारागिराने काम पूर्ण करून रिव्हॉल्वर नुकतंच त्यांच्या हाती दिलं होतं. ते बराच वेळ मूठ चाचपत राहिले.

"तुझ्या बाबांना सांग," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी परकं वाटतं. थोडा रागही येतो. पण मूठ तीच आहे. माझ्या हाताला कळतं."

मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. दिवाळीत आईने कळवलं, दादाने आणलेला शेव्हर ते वापरतात, आणि फार आवाज करतो म्हणून रोज कुरकुरतात.

नव्या सिलिंडरचा पहिला शनिवार उजाडला तेव्हा आजी कोट घालून माझ्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी क्लबात पाऊल ठेवलं नव्हतं.

"तू कशाला?" आजोबांनी विचारलं.

"तू पडलास तर उचलायला."

क्लबात आजोबा बाकावर कोपरं टेकवून बसले. देखरेखीच्या बाई त्यांच्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या. काडतुसं एकेक करून घरात बसत गेली, एकही सांडलं नाही. आवाज झाला तशी आजींनी माझा दंड घट्ट धरला. निशाण्याचा कागद जवळ आणला तर भोकं सगळी कडेला, एक गोळी तर कागदाबाहेरच गेलेली. पण आजोबा असे काही हसत होते, की आजींनी चष्मा काढून पुसला.

मग त्या बाई आजींना म्हणाल्या, "पाहुण्यांनाही माझ्या देखरेखीखाली चालवता येतं. बघता का?"

आजी नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. बाईंनी सांगितलं तसं सुईत दोरा ओवताना धरावा तसा श्वास धरला, आणि पुन्हा पुन्हा चाप ओढला. कागद जवळ आला. भोकं मधल्या काळ्या वर्तुळात, एकमेकांना खेटून.

आजोबा कागदाकडे पाहत राहिले. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "इतकी वर्षं तू घरी बसून काय करत होतीस?"

"पडदे शिवत होते," आजी म्हणाल्या.

आजींनी रीतसर सदस्य व्हायचं ठरवलं. त्यासाठी वर्षभर उमेदवारी करावी लागते, चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो. ते सगळं त्यांनी केलं. मधल्या काळात आजोबांची थरथर वाढली, आणि एका शनिवारी त्यांनी आपणहून सांगितलं, की आता मी नेम धरणार नाही. कुणाला थांबवायला यावं लागलं नाही. रिव्हॉल्वर रीतसर आजींच्या परवान्यावर गेलं.

आता त्या नेम धरतात आणि आजोबा मागच्या खुर्चीत बसून सूचना देतात. आजी त्यातली एकही ऐकत नाहीत. परतताना गाडीत त्यावरून दोघांचं जुंपतं, आणि मला मध्ये पडावं लागतं.