पस्तीस टक्क्याले पास

कंपुटरच्या डब्ब्यावर उलटा हात ठेवून पाहाची आपाले सवय होती. आपन लेकराच्या कपायावर ताप पायतो ना, तसा. अन् म्हनायची, "गरम हाय. मंजे काम करून रायला माहा बच्चा." थंडा लागला की त्याले खरंच बोले, "काहून बे, रिकामा काहून बसला?" तुमी म्हनसान, मशीनशी कोनी बोलते का. मी बी पयले तोंडाले पदर लावून हासली होती. मंग मीच बोलाले लागली.

सारी गल्ली तिले आपाच म्हने. सुर्जी गावात तिच्या घराच्या मागच्या खोलीत आमी भाड्यानं रायतो. माहा नवरा केयीचे घड भरेल ट्रकवर जाते, एकदा गेला की दोन-दोन दिवस येत नाही, अन् मी सातवीपर्यंत शिकलेली, पोरीले घेऊन एकटी. तवा दिवसभर आपाच्या दारातच बसून रायत होती. आपा घरीच पत्रिका बनवे. कंपुटर तिच्या दुबईच्या भावानं घेऊन देल्ला होता. पन त्या सालांत लग्नाच्या पत्रिका कमी अन् तेरवीच्या जास्त. फोटो पाहा त माह्या नवऱ्याच्या वयाचे कास्तकार मानसं. त्यायच्या घरी दुसरा फोटोच नसे, लग्नातलाच आनून देत, अन् आपा कंपुटरवर बसून त्याचं बाशिंग पुसे, कालर सारखी करे, मंग खाली तेरवीचं लिहे.

एकदा मले म्हने, "दिवसभर मेलेल्यायचे कपडे सारखे करतो मी. अन् मी चूल पाहाले उठली का हा कंपुटर रिकामा बसते. मंग जित्यायसाठी चालू दे ना."

ते काय चाले हे मले तिनं असं समजावलं. लग्नघरचे गहू कसे सुपासुपानं गल्लीतल्या बायायले निवडाले देते, तसं. दूर कुठं डाक्टर लोकं हायेत, त्यायले बिमारीची दवाई काढाची हाय, हिसाब लय मोठा, एका मशीनच्यानं होत नाही. म्हनून ज्याच्या घरी कंपुटर रिकामा हाय त्याच्याकडं एक-एक सूप हिसाब पाठवते. फोनच्या वायरनं येते, निवडून झालं का फोनच्या वायरनंच जाते. भावानं फोनवर सांगतलं तसं-तसं करून तिनं ते टाकून घेतलं होतं.

"पैसे देते का ते, आपा?"

"गहू निवडाचे तू पैसे घेते का?"

पडद्यावर रंगीत मनी दिसत. लाल, निये, पांढरे मनी एका धाग्यात ओवलेले, अन् ते हयूहयू फिरत. मी पायतच रायली. कारन माही चिमी. चिमीले रक्ताची बिमारी हाय, थॅलेसिमिया म्हनते, तिच्या आंगात रक्त बनतच नाही, दर महिन्याले अमरावतीले नेऊन दुसऱ्याचं रक्त चढवा लागते. डाक्टरनं मले कागदावर गोल-गोल काढून दाखवलं होतं, रक्त असं असते म्हने. मले ते मनी अन् हे मनी एकच वाटले. मी भेत-भेत विचारलं, "आपा, हे चिमीचं रक्त हाय का वो?"

आपानं माह्याकडं पायलं, मंग चिमीकडं. "पगली," म्हने. "कोन्या बिमारीचं हाय मले बी मालूम नाही. इंग्रजीत लिवते ते. तुह्या चिमीचं बी असंल कधी."

असंल म्हनली ना ती. मी तेवढंच घरी घेऊन गेली.

तवापासून मी त्या मशीनची राखनदारीन झाली. लाईन जाये, उन्हायात त अर्धा-अर्धा दिवस जाये, अन् लाईन गेली का मनी गायब. आपा पत्रिका घेऊन अचलपूरच्या छापखान्यात गेली का सांगून जाये, "लाईन आली का बटन दाबजो. मागं पडते थोडं, पन होते चालू." मी बटन दाबो अन् हात जोडून उभी राहो. आपा मले चिडवे, "अगरबत्ती लाव आता, हैद्राबादी मोगरा लाव!"

अन् एक दिवस काय झालं, आपा गच्चीवर मिरच्या वायवत होती, मी खाली मशीनपाशी. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा रायते, किती काम झालं त्याचा, आकडे त मले वाचता येते. पायतो त पस्तीस! पस्तीस टक्के! माह्या आंगावर काटाच आला. मी सातवीत गनितात पस्तीसच घेतले होते, गुरुजी म्हने, जाय बाई, पास झाली तू. मी चिमीले काखेत मारलं, डब्यातली साखर मुठीत घेतली अन् धावत गच्चीवर, पायऱ्यायवर साखर सांडून रायली, अन् मी वरडून रायली, "आपा वो! पास झाला! पस्तीस पडले! आली चिमीची दवाई!"

आपा अशी हासली, अशी हासली, मिरचीचा हात डोयाले लागला अन् डोये चोळत खालीच बसली. पानी वाहून रायलं डोयातून. मले वाटलं मिरचीचं हाय. मंग पायलं, हासनं थांबलं तरी पानी थांबत नव्हतं.

"बेटा, इथं पस्तीसले पास नाही होत. शंभर लागते."

"मंग शंभर झाले का दवाई येते?"

"शंभर झाले का हे जाते अन् दुसरं येते. पुन्हा पयल्यापासून."

"अन् निकाल?"

तिनं मनगटानं डोये पुसले. मंग म्हने, "निकाल आपल्या घरी नाही येत वो."

माही मूठ तशीच बंद. आपानं ती उघडली, चिमीच्या तोंडात साखर टाकली, आपल्या बी टाकली. "पास नाही झाला त काय झालं. पेपर त लिवून रायला ना."

मंग एक दिवस आपाले लकवा मारला, त मीच पायलं पयले. सकायी दार उघडं, आपा खाली पडेल, तोंड एका बाजूले गेलेलं, डोये उघडे. जीभ गेली, उजवी बाजू गेली. अकोल्याची बहीन येऊन घेऊन गेली. मंग भाऊ आला, सामान विकलं, कंपुटर परतवाड्याच्या एका फोटोवाल्यानं नेला. मी दारात उभी होती. काय म्हनू? माह्या बापाचा होता का तो?

पन मले झोप येत नव्हती. त्या महिन्यात अमरावतीले गेलो त रक्तच नाही म्हने, उद्या या, उद्या गेलो त परवा या. चिमी मेनासारखी पांढरी पडली, उभी केली का बसे. अन् माह्या मनात एकच घुसलं होतं, आता आपल्या गल्लीत हिच्यासाठी कोनीच हिसाबाले बसलेलं नाही. तुमी हासा. मले ठाऊक हाय की ते तसं नसते. तरी मी चिमीले घेऊन अकोल्याची गाडी धरली.

आपा खाटेवर भिंतीकडं तोंड करून होती. बहीन म्हने, "बोलत नाही ती, पन समजते सारं." मी कानापाशी गेली. "आपा, त्याचं नाव काय होतं वो? ते मन्यायचं? मी फोटोवाल्याले सांगतो, पुन्हा टाक म्हनतो. नाव सांगा फक्त."

आपानं मले पायलं. गयाच्या शिरा वर आल्या. अर्धं तोंड हाललं. "प... प..."

"पानी मांगते," बहीन म्हने अन् चमच्यानं पानी देल्लं. ते तोंडाच्या कोपऱ्यातून गयावर आलं. आपा माह्याकडंच पाहून रायली होती. पानी नव्हती मांगत ती.

दुसऱ्या दिवशी मी परतवाड्याले गेली. दुकानात आपाचाच कंपुटर, पडद्यावर नवरा-नवरीचा फोटो.

"भाऊ, याच्यात एक काम चालत होतं."

"कोनतं?"

"बिमारीचं. मशीन रिकामं असलं का..."

"नाव काय त्याचं?"

मी बोटानं हवेत गोल-गोल दाखवलं.

"गेम होता का ताई? सारं पुसून नवीन टाकलं मी. मागं गिऱ्हाईक उभं हाय, तुमाले काय पायजे? पोरीचा फोटो काढाचा हाय का?"

मी हो म्हनली.

त्यानं चिमीले स्टुलावर बसवलं, मी मागून तिची पाठ धरली, उजेड झाला. मंग तो कंपुटरवर फोटो पाहून म्हने, "लयच पांढरी आली वो पोरगी. थांबा, गालाले जरासा रंग देतो."

अन् मी पाहून रायली, आपाच्या त्या मशीनवर माह्या चिमीच्या गालावर हयूहयू रक्त चढून रायलं होतं.