सोनवणे सर डबा शोधतात

शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साठत जातात. आवक-जावकचं रजिस्टर वेगळं, डेडस्टॉकचं वेगळं. किश्श्यांना मात्र रजिस्टर नाही, ते डोक्यातच ठेवावे लागतात. माझं निम्मं डोकं आमच्या सोनवणे सरांनीच अडवलंय. सर भूगोल शिकवतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल!

*

सरांनी सेकंडहँड गाडी घेतली. तिच्याबरोबर काचेला चिकटवायचं, रस्ता दाखवणारं यंत्र फुकट आलं. तळहाताएवढा स्क्रीन आणि आत इंग्रजी बोलणारी एक बाई.

"सर, मोबाईलमध्ये मॅप असतो की," मी म्हटलं.

"मोबाईलवर फोन येतात हो, पगारे मॅडम. मधेच कुणीतरी बोलतं आणि वळण चुकतं. ही बाई कुणाचाही फोन घेत नाही!"

त्याच सुमारास त्यांच्या भाच्याने त्यांना जिओकॅशिंगचं वेड लावलं. सरांनी स्टाफरूममध्ये ते समजावून सांगितलं. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा परत तिथेच ठेवायचा.

गणिताच्या शेख मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि डब्यात काय असतं?"

"वही."

"आणि?"

"पेन्सिल. असली तर."

"सर, वह्याच बघायच्या असतील तर आठवी ब च्या पन्नास आहेत. घेऊन जा!"

*

पहिल्या रविवारी सर एकटेच निघाले. बाई सांगेल तसे वळत गेले. त्र्यंबक मागे पडलं, घाट लागला, रस्ता बारीक झाला आणि एका नागलीच्या शेतापाशी बाई म्हणाली, "यू हॅव अराइव्ह्ड!" सरांनी तासभर बांध धुंडाळला. शेतातल्या आजीने शेवटी विचारलं, "काय हरवलं, साहेब?"

"डबा."

आजीने निमूटपणे स्वतःची भाकरी सोडली आणि अर्धी सरांना दिली!

सोमवारी शेख मॅडमनी आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. वेबसाइटवर अंश आणि मिनिटं दिली होती. सरांनी मिनिटं सरळ पॉइंटच्या पुढे टाकली होती.

"एका अंशाची मिनिटं साठ असतात, सर. तुम्ही शंभर धरलीत. डबा आपल्या गंगापूर रोडवर आहे. शाळेपासून चालत वीस मिनिटं!"

"साठातली की शंभरातली?" मी विचारलं. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

मग आम्ही दोघीही त्यांच्याबरोबर जायला लागलो. म्हणजे लक्ष ठेवायला.

यंत्र गाडीचं. त्याला माणूस चालतो हे माहीतच नाही. सर ते हातात धरून गंगापूर रोडच्या त्या डब्यासाठी एका गल्लीत शिरले, तर बाई ओरडली, "मेक अ यू-टर्न!" सर लगेच मागे फिरले. पुन्हा शिरले, पुन्हा तेच. शेवटी कळलं की गल्ली वन-वे आहे. सर अख्ख्या चौकाला वळसा घालून, घामाघूम होऊन पलीकडच्या तोंडाने आत आले. आम्ही दोघी सरळ चालत जाऊन तिथे उसाचा रस पीत उभ्या होतो.

"सर, तुम्ही पायी होतात!"

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले.

*

त्याच गल्लीतल्या एका बंगल्याच्या कुंपणाशी सर वाकून उंबराची मुळं चाचपत होते. वरच्या गॅलरीतून एक काकू म्हणाल्या, "काय शोधताय हो?"

या खेळात बाहेरच्यांना डब्याबद्दल सांगायचं नसतं. सर गडबडले. "मांजर!"

"अगं बाई! कसं आहे?"

"पांढरं. शेपटी... काळी."

दहा मिनिटांत गल्ली रस्त्यावर. कुणी दूध आणलं, कुणी गाड्यांखाली बॅटऱ्या मारल्या. सर बिचारे सगळ्यांच्या पुढे, "मनी, मनी!" करत. आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण एका तरुणाने टाकीमागून पांढरं मांजर काढलं. शेपटी काळी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांजर न्यावंच लागलं, डबा राहिला तिथेच.

सरांच्या मिसेसनी तिचं नाव जीपीएस ठेवलंय. ती मात्र रोज न चुकता घरी येते!

*

पुढे पुढे यंत्राची बॅटरी म्हातारी झाली. गाडीतून काढलं की पाच मिनिटांत डोळे मिटायचं. कालव्याकडच्या पायवाटेवर गाडी जाईना. शेख मॅडमच्या स्कूटरला चार्जिंगची सोय होती. मग मॅडम पहिल्या गिअरच्या वेगाने स्कूटर चालवतायत, वायर तोकडी, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र धरून सर शेजारून तुरुतुरु चालतायत, अशी वरात निघाली.

फिरायला आलेल्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "सरांना कुठे घेऊन चाललात?"

"शाळेत," मॅडम म्हणाल्या. "पळून आले होते!"

डबा तिथेही मिळाला नाही. कालव्याच्या कामात ती जागाच खणली गेली होती.

*

एप्रिलअखेर सरांची रिटायरमेंट होती. एकाही वहीत त्यांचं नाव नव्हतं. चेष्टा आम्हीच करायचो, पण शेवटच्या आठवड्यात सर डब्याचं नावही काढेनात, तेव्हा मलाच कसंतरी झालं. शेख मॅडमनी घरी बसून वेबसाइट चाळली, आकडे स्वतः यंत्रात भरले आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं सटाण्यामार्गे नामपूरकडे निघालो.

या वेळी सगळं बरोबर. कांद्याच्या चाळीशेजारी कडुनिंब, कडुनिंबाला ढोली. सरांनी हात घातला. आत काहीच नाही. पुन्हा घातला, खांद्यापर्यंत. सर तिथेच खाली बसले.

चाळीतून एक म्हातारे बाबा आले, अहिराणीत म्हणाले, "काय धुंडी राहिनात?"

सरांनी या वेळी खरं सांगितलं. "डबा, बाबा."

"तो? तो मन्हा घर शे!"

बाबांना तो शेरडं चारताना सापडला होता. कुणाचा तरी हरवला असेल म्हणून त्यांनी जपून कपाटात ठेवला. कुणी विचारत आलं की घरी न्यायचं, चहा पाजायचा, सही घ्यायची. "झाडवर ठेवाना का? चोरी जाई ना!"

घरी गेलो. चहा झाला. बाबांनी डबा काढून सरांसमोर ठेवला, वही उघडली, पेन दिलं. सरांनी पेन हातात धरलं आणि तसेच बसून राहिले.

"लिखा ना," बाबा म्हणाले.

"लिहितो," सर हळूच म्हणाले. "पण बाबा... हा मला सापडला नाही ना. तुम्ही दिलात."

बाबांनी सरांकडे बघितलं. मग त्यांनी सरांच्या हातातून पेन काढून घेतलं, डबा उचलला आणि आम्हा तिघांना दाराबाहेर उभं केलं. दार लागलं. आत पत्र्याची पेटी सरकली, कसलीशी भांडी वाजली, बाबा खोकले.

दार उघडलं.

"आते या," बाबा म्हणाले. "धुंडा!"