नैसर्गिक हद्द

कोर्टात न्यायाधीशांनी आमच्या प्रभागाचा नकाशा हातात घेतला, आडवा धरला, मग उभा धरला आणि शेवटी चष्मा काढून विचारलं, "हे नक्की काय आहे?"

नगरपालिकेतल्या सत्ताधाऱ्यांनी विरोधकांची मतं फोडायला आखलेला प्रभाग होता तो. बाजारपेठेतून निघून, आमच्या आळीला वळसा घालून, मधलीच तीन घरं गिळून पार स्मशानापर्यंत गेलेला. पालिकेचे वकील गंभीरपणे म्हणाले, "नैसर्गिक हद्द आहे, माय लॉर्ड. नाल्याप्रमाणे." आमच्या गावचा नाला फूटपट्टीसारखा सरळ आहे. पुढची तारीख पडली.

परतताना एसटीत मला आईचा नियम आठवला. घरात जो वड्या कापील, त्याने शेवटी उचलायची. त्यामुळे हातात सुरी आली की आम्ही भावंडं भूमितीचे पंडित व्हायचो. एवढा साधा नियम राज्यकारभारात कुणाला कसा सुचला नाही, या विचाराने गाव येईपर्यंत माझं रक्त उकळत होतं.

घरी बायकोने नारळाच्या वड्या थापून वर काजू लावले होते. "तेवढ्या कापा हो," ती म्हणाली. कापल्या. सगळ्या चौकोनी आल्या. एकच जरा लांबली, वळली आणि वाटेतले चारपाच काजू पोटात घेऊन ताटात माझ्या बाजूला आली.

"ही अशी कशी?"

"नैसर्गिक हद्द आहे."

तिने आधी तीच उचलली आणि तोंडात टाकली. आमच्या घरी तारीख पडत नाही.