फळीची पोकळ बाजू

गल्लीत त्यांना सगळे खरखरशेट म्हणत. जुने रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. दुकानातून दिवसभर खरखर ऐकू यायची, म्हणून हे बारसं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. मेलेला रेडिओ शेटच्या हाती द्या, उठून बोलायला लागेल, असं लोक म्हणायचे आणि शेट ते कौतुक मुकाट्याने पदरात घ्यायचे.

रेडिओच्या लाकडी खोक्यांचं काम पडद्यामागे त्यांची बायको करते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ओल खाऊन वाकडी झालेली फळी आत जायची आणि आठ-दहा दिवसांनी सरळ होऊन बाहेर यायची. कशी, ते शेटनी एकतीस वर्षांत विचारलं नाही. सकाळी आंघोळीचं पाणी तापलेलं असतं, तसंच हेही.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटलं. पडद्यालगतच्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. गेले चार दिवस तर घास पुढे केला की मान फिरवायची. "आता... कशाला," एवढंच म्हणायची.

त्यातच एके दुपारी शेजारच्या रस्त्यावरचे मास्तर रेडिओ घेऊन आले. छत गळून पुढची प्लायवूडची फळी अशी वाकली होती, की बटण फिरवलं तर फळीला घासायचं.

"टाकून द्या हो ही. सुताराकडून नवी कापून घ्या," मास्तर म्हणाले. "तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

"तेच करतो. आता फळ्या सरळ करणारं राहिलंय कोण," शेट बोलून गेले.

पडद्याआड खाट करकरली. मास्तर गेल्यावर शेट आत आले, तर तिचे डोळे भरलेले. डावा हात चालत होता, पण ती डोळे पुसत नव्हती. शेटना जीभ चावावीशी वाटली. एका वाक्यात आपण बायकोला मोडीत काढलं होतं.

"नाही द्यायची सुताराला," ते म्हणाले. "मी करतो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेटनी फळी खाटेजवळच्या टेबलावर घेतली. ओला फडका फुगीर बाजूवर घातला, कारण फुगलंय तिथेच दाबायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. वर जाड काच, काचेवर दोन जुने ट्रान्सफॉर्मर. सकाळी वजन उचललं, तर फळी आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकलेली! होडीच जणू. शेट ती हातात धरून नुसते उभे राहिले.

मागून आवाज आला. घोगरा, तुटका. ती हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हस, हस. नाक कापलं माझं," शेट म्हणाले. त्यांनी तिला उशीला टेकवून बसवलं आणि फळी तिच्या मांडीवर ठेवली. "अगं, शिकव की मला. खरंच मला काही येत नाही यातलं."

तिने डाव्या हाताचा तळवा वाटीसारखा वाकवून त्या वाटीत हनुवटी टेकवली.

"इथं... पाणी."

"पोकळ बाजूला?"

"ती... सुकलीये. म्हणून... आखडलीये."

इतकं सरळ होतं ते. फुगीर बाजू धडधाकट होती. आखडलेल्या बाजूला पाणी हवं होतं. तिच्या सांगण्यावरून शेटनी फडका पिळून, नुसता दमट करून, पोकळ बाजूने लावला. फळी दोन काचांमध्ये घातली, वर-खाली कोरे कागद. वजन आधी एकच. "हळू... मोडेल," ती म्हणाली. सकाळ-संध्याकाळ दमट कागद काढून सुके घालायचे, रोज थोडं वजन वाढवायचं. कागद बदलायची वेळ झाली, की तीच हाक मारायची, "अहो!" आणि कागद बदलून झाला की शेट ताट पुढे करायचे. ती कुरकुरत दोन घास खायची.

नवव्या दिवशी मास्तर दारात.

शेटनी फळी काढली. डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली. सपाट! त्यांनी पडदा पुरता बाजूला सारला आणि ती बायकोच्या पुढ्यात नेली. तिने डोळे मिटून डावा हात फिरवला. कडेकडेने, मग मधून. वरच्या कोपऱ्यावर बोट थांबलं. शेटनीही तिथे बोट ठेवलं. केसाएवढी लाट होती.

"अजून... तीन दिवस."

"अहो, एवढं कोण बघतंय?" मास्तर दारातूनच म्हणाले. "बसवून टाका, शेट."

"माझ्या हातात नाही, मास्तर," शेट म्हणाले. "फळ्यांचं काम हिचं. आधीपासूनच हिचं. ही नाही म्हणतेय, म्हणजे नाही."

मास्तर चपापून खाटेकडे बघू लागले. तिने पदर सारखा केला. शेटनी फळी पुन्हा काचांमध्ये ठेवली.

"सुके... कागद," ती म्हणाली.