इंझोरीच्या वळणावरचा गुलाल

भगिनींनो, सायकलवर बसल्याबद्दल जिला कधी ना कधी "लाज नाही वाटत?" असे ऐकावे लागले, त्या प्रत्येकीसाठी हे लिहिते आहे. आपण धावतो, पण आपल्याला कुणी मोजत नाही.

शर्यतींवर पोट भरणारी दुसरी बाई मला वऱ्हाडात माहीत नाही. अकोल्याच्या सायकलच्या दुकानदाराने बजावले होते, "कारंज्याच्या शर्यतीत पहिल्या तिघांत या, वर्षभर पगार देतो. नाही तर माझी सायकल परत करा."

वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावहून सकाळच्या मोटारीने निघाले. टपावरच्या सायकलीचे भाडे वेगळे पडते. घासाघीस जरूर करा. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "नवऱ्याची सायकल पोचवून राह्यली का वो?"

"माझीच आहे."

"मंग नवरा कायच्यावर बसते?" सारी मोटार हसली. मीही हसले.

कारंज्यात धर्मशाळेत उतरले. बाजारात भाकर आणि अंबाडीची भाजी स्वस्त मिळते, पोटाला जड होत नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यत, इंझोरीपर्यंत जाऊन परत. मुरमाचा रस्ता, गाड्यांच्या चाकोऱ्या खोल. मधल्या उंचवट्यावरूनच सायकल चालवावी. इंझोरीच्या वळणावर पंच प्रत्येकाच्या कपाळी ताटातला गुलाल लावत होता. वळसा घातल्याची तेवढीच खूण. माझ्यापुढे दोघेच होते. मला पाहताच पंचाने हात आखडला. "परक्या बाईच्या कपाळाले हात कसा लावू?"

शेजारच्या वाडीत भाजी खुडणारी माळीण धावत आली. "काहून अडवता तिले? गुलाल माणसायले, बाईले कुंकूच शोभते!" तिने स्वतःच्या कपाळाचे कुंकू बोटाने माझ्या कपाळी टेकवले. "जाय माय, हाण आता!"

मी तिसरी आले.

"गुलाल कुठी हाये?" कारंज्याच्या पंचांनी विचारले.

"तिथे मला कुंकू लावले."

"ते तं घरूनच लावून येते बाई." तिसरा नंबर मागून आलेल्याला दिला. इंझोरीचा पंच परतल्यावर इमानाने म्हणाला, "बाई आली होती, खरं हाये. पन गुलाल म्या नाही लावला." तेवढ्यावर निकाल कायम झाला. मग शर्यतीच्या अध्यक्षांच्या पत्नीने खणनारळाने माझी ओटी भरली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले. सायकल अकोल्याला परत गेली. त्या माळिणीवर रागावू तरी कशी? तिने मायेने लावले, पंच खरे बोलला, ओटीही मानाने भरली. भांडायला समोर कुणीच नाही, आणि माझे काम संपले. दुसरा दुकानदार मिळेल असे मला वाटत नाही.

तरी एक मागते. पुढच्या शर्यतीला इंझोरीच्या वळणावर जा, पंचाच्या ताटात आपला हात घाला, आणि सायकलवर येणाऱ्या बाईच्या कपाळी गुलाल लावा.